दोनदा अ‍ॅसिड ओतलं तरी बाथरूममधला गटाराचा वास जात नाही

प्रश्न: दादा नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो, जुनी चार मजल्यांची बिल्डिंग आहे, आमचा तिसरा मजला. वर्ष होत आलं, घरात गटाराचा वास येतोय. सकाळी साडेसहा ते आठ जास्त येतो, आणि एक्झॉस्ट फॅन लावला की कमी व्हायच्या ऐवजी वाढतोच. दिवाळीआधी कॉमन बाथरूमच्या टाइल्स बदलल्या, तेव्हाच वॉशिंग मशिन तिथे हलवलं. बेडरूममधलं बाथरूम मुलीचं लग्न झाल्यापासून बंदच असतं, तिथे बॅगा ठेवल्यात. वरच्यांनी फ्लश केलं की आमच्या बेसिनमधून गुडगुड आवाज येतो. सोसायटीने गच्चीवर पत्र्याची शेड टाकली त्यानंतर हे सुरू झालं असं मला वाटतं, पण मिस्टर म्हणतात शेडचा आणि बेसिनचा काय संबंध. प्लंबर दोनदा येऊन दोन्ही बाथरूममध्ये अ‍ॅसिड ओतून गेला, दोन-तीन दिवस बरं वाटतं, मग परत तेच. डांबर गोळ्या टाकून झाल्या, फ्रेशनर झाले. सेक्रेटरी म्हणतात तुमच्या घरातला प्रॉब्लेम आहे, तुम्हीच बघा. शेजारच्या काकू तोंडावर म्हणाल्या की बाथरूम घासत जा जरा. पुढच्या महिन्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला येतेय. हा वास तिला, बाळाला बाधेल का? परत सगळं फोडावं लागेल का?

उत्तर:

ताई, आधी त्या काकूंचं बोलणं मनातून काढून टाका. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून घासण्यापुसण्याचा यात काडीचाही संबंध दिसत नाही, रोज फिनाइल टाकून बाथरूम धुणाऱ्यांच्या घरातही हा वास येतो आणि महिनोन्महिने येत राहतो. फोडाफोडी पण बहुतेक करावी लागणार नाही. तुम्ही पत्रात इतकं बारकाईने लिहिलंय की निम्मा शोध तुम्हीच लावलाय, आणि गच्चीच्या शेडबद्दल तुम्हाला जे वाटतंय ते मला शंभर टक्के पटतंय, मिस्टरांना पुढचं वाचून दाखवा.

पण त्याआधी एक काम आजच करा. त्या डांबर गोळ्या उचला आणि घराबाहेर काढा. बेसिनमधल्या तर काढाच, पण बाळासाठी जुन्या साड्यांची दुपटी वगैरे शिवून कपाटात ठेवली असतील आणि त्यात गोळ्या टाकल्या असतील तर त्याही काढा आणि दुपटी धुवून कडक उन्हात वाळवा. काही बाळांमध्ये जन्मापासूनच जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, अशा बाळाला डांबर गोळ्यांमधल्या नॅप्थलीनच्या वासाने किंवा तसे कपडे अंगावर राहिल्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात आणि कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळात ते कमी आहे हे वरून बघून कळत नाही, त्यामुळे बाळंतिणीच्या घरात नॅप्थलीन नकोच. तुमच्या घरात सध्या गटाराच्या वासापेक्षा मला या गोळ्यांची जास्त काळजी वाटते.

दुसरं, अ‍ॅसिड आता पुरे. ते ओतून आधीच साचलेल्या गाळातून उलट जास्त वास सुटतो, जुन्या बिल्डिंगमधले बीडाचे पाइप आणि सिमेंटचे जॉइंट खाल्ले जातात ते वेगळंच. आणि अ‍ॅसिड किंवा अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर टाकल्यावर त्यावर ब्लीच, ब्लिचिंग पावडर कधीही टाकू नका, क्लोरीन गॅस तयार होतो, बंद बाथरूममध्ये श्वास कोंडून माणूस हॉस्पिटलात जातो. मुलगी पोटुशी असताना तर हा खेळ अजिबात नको.

आणि तिसरं, हा वास स्वयंपाकाच्या गॅसचा नाही ना याची एकदा खात्री करून घ्या. गटाराचा वास सडक्या अंड्यासारखा, गॅसचा त्यापेक्षा उग्र, सडक्या कोबी-कांद्याच्या अंगाने जाणारा, पण घाबरलेल्या माणसाला फरक कळत नाही आणि दोन्ही वास गंधकाचेच आहेत. वास किचनकडे वाढत असेल तर गॅसचा कॉक बंद, खिडक्या सताड उघड्या, कुठलंही बटण चालू नाही आणि बंदही नाही, आणि घराबाहेर येऊन फोन. सिलिंडर असेल तर १९०६ नंबर आहे, पाइप गॅस असेल तर बिलावर इमर्जन्सी नंबर छापलेला असतो. तुमच्या केसमध्ये वर्षभर सकाळी सकाळी आणि एक्झॉस्टबरोबर येतोय म्हणजे तो गटाराचाच आहे, पण वाचणारे बाकीचेही आहेत म्हणून लिहिलं.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या घरात पाणी खाली जायच्या जितक्या जागा आहेत, म्हणजे बेसिन, सिंक, मोरीची जाळी, कमोड, त्या सगळ्या शेवटी एकाच उभ्या पाइपला जोडलेल्या असतात किंवा दोन पाइपना, आणि तो पाइप खाली चेंबरमध्ये आणि तिथून गटारात. म्हणजे गटारातली हवा आणि तुमच्या बेडरूममधली हवा यांच्या मध्ये काय आहे? फक्त पाणी. प्रत्येक जागी खाली एक वाकडा भाग असतो, ट्रॅप म्हणतात त्याला, त्यात साधारण दोन इंच, ५० मिलिमीटर पाणी कायम उभं राहिलं पाहिजे. सांडपाणी त्याला ढकलून पुढे जातं पण मागून येणारा गॅस त्या पाण्यातून वर येऊ शकत नाही. १७७५ साली लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळं बनवणाऱ्या माणसाने एसच्या आकाराच्या या वाकड्या पाइपचं पेटंट घेतलं, त्यानंतर मटेरियल बदललं, डिझाइनं बदलली, पण तत्त्व अजून तेच आहे कारण त्याहून साधं आणि चांगलं काही कोणाला सुचलेलं नाही. ते दोन इंच पाणी जागेवर असलं तर वास येत नाही, आणि वास येतोय म्हणजे कुठेतरी ते पाणी नाहीये किंवा पाण्याला वळसा घालून गॅस यायला फट मिळालीये. या दोन सोडून तिसरं कारण क्वचित असतं.

आता तुमचं ते दोन-तीन दिवस बरं वाटणं घ्या. अ‍ॅसिडने बरं वाटलं असं तुम्हाला वाटतंय, प्लंबरलाही कदाचित खरंच तसंच वाटत असेल. पण अ‍ॅसिड ओतल्यावर तो काय करतो? वरून दोन बादल्या पाणी ओततो. बंद बाथरूममध्ये महिनोन्महिने पाण्याचा थेंब पडला नव्हता, तिथले ट्रॅप कोरडे होते, त्या दोन बादल्यांनी ते भरले आणि वास थांबला. काम पाण्याने केलं, पैसे अ‍ॅसिडचे गेले.

म्हणून आज रात्री एवढंच करा, अ‍ॅसिड नाही काही नाही, त्या बॅगा बाहेर काढा आणि बंद बाथरूममधल्या जाळीत एक बादली पाणी सावकाश ओता, बेसिनमध्ये दोन तांबे, आणि कमोड फ्लश करा. कमोडमध्येही बघा, बाऊलमधलं पाणी तळाला गेलेलं असेल. मग वास कधी परत येतो त्यावर लक्ष ठेवा, सगळी मेख तिथेच आहे. गेलाच नाही तर फट दुसरीकडे आहे, जॉइंटमध्ये. गेला आणि तीन-चार आठवड्यांनी परत आला तर पाणी नुसतं उन्हाळ्याने उडतंय, मे महिन्यात कोकणात गावाला जाऊन आल्यावर दार उघडलं की भपकारा येतो तो हाच, त्यात काळजीचं काही नाही. पण गेला आणि दोन-तीन दिवसांतच परत आला तर पाणी उडत नाहीये, कोणीतरी ते ओढून नेतंय. दोन इंच पाणी दोन दिवसांत उडत नाही ताई, अगदी ऐरोलीच्या मे महिन्यातही नाही. तुमचं हे तिसरंच असणार, आणि इथेच गच्चीची शेड येते.

ते उभे पाइप खाली गटारात जातात तसे वर गच्चीच्याही वर जातात आणि तिथे उघडे असतात, तोंडाशी जाळीची टोपी असते. लोकांना वाटतं ते वास बाहेर सोडायला आहेत, ते आहेतच, पण त्याहून मोठं काम म्हणजे पाइपमध्ये हवा आत घेणं. वरच्या मजल्यावर कोणी फ्लश केलं की पाण्याचा लोंढा पाइप भरून खाली जातो आणि आपल्या मागे पोकळी सोडतो. वरून हवा मिळाली तर ती पोकळी भरते. वरचं तोंड बंद असेल तर ती पोकळी हवा कुठून तरी ओढणारच, आणि सगळ्यात जवळचं दार म्हणजे तुमच्या बेसिनचा ट्रॅप. ट्रॅपमधून हवा ओढली जाते तेव्हा गुडगुड आवाज येतो, आणि प्रत्येक गुडगुडीबरोबर ट्रॅपमधलं थोडं पाणी पण निघून जातं. जे बाथरूम वापरात आहे तिथे लगेच कोणीतरी हात धुतं, आंघोळ करतं, ट्रॅप भरतो. बंद बाथरूममध्ये भरणारं कोणी नाही. सकाळी साडेसहा ते आठ काय होतं? पाणी आलेलं असतं, शाळा-ऑफिसची गडबड असते, अख्खी विंग एकाच वेळी संडास-आंघोळीला. तेव्हाच वास का वाढतो याचं उत्तर हेच.

आता शेड टाकताना काय होतं ते मी ठाण्यात नवी मुंबईत बऱ्याच गच्च्यांवर पाहिलंय. गळती थांबावी म्हणून पत्रे टाकायचे असतात, मध्ये चार-पाच पाइप वर आलेले असतात, पत्र्याला भोक पाडलं की तिथून पाणी गळेल म्हणून फॅब्रिकेटर ते पाइप पत्र्याच्या खाली कापतो, आणि मग शेडमध्ये वास कोंडतो अशी तक्रार आली की कोणीतरी त्यावर एन्ड कॅप ठोकतो, नाहीतर प्लास्टिकची पिशवी बांधून वर सुतळी गुंडाळतो. हेतू कोणाचाच वाईट नसतो. पण त्या दिवसापासून खालच्या सगळ्या मजल्यांच्या पाइपचा श्वास बंद होतो. तुम्ही आणि मिस्टर दोघं दुपारी उजेडात गच्चीवर जा, तुमच्या बाथरूमच्या बरोब्बर वर कुठला पाइप येतो ते बघा आणि त्याच्या तोंडाचा फोटो काढा. कॅप नसेल तर कबुतराचं घरटं आहे का ते बघा, टोपीची जाळी तुटली की कबुतरं काड्या टाकून भरून टाकतात, तेही तितकंच कॉमन आहे. फक्त पाइपच्या तोंडाशी वाकून वास घ्यायला जाऊ नका आणि तिथे काडी-लायटर पेटवू नका, गटाराच्या हवेत मिथेन असतो.

उपाय सोपा आहे, पाइपला तुकडा जोडून तो पत्र्याच्या वर काढायचा, पत्र्याच्या भोकाभोवती रबरी फ्लॅशिंग नाहीतर सीलंट, आणि तोंडाला नवी जाळीची टोपी. कोणाच्या खिडकीसमोर आणि पाण्याच्या टाकीच्या झाकणाजवळ तोंड येणार नाही एवढं बघायचं. एका दिवसाचं काम आहे. आणि हे तुमच्या खिशातून नाही, गच्ची आणि बाहेरच्या ड्रेनेज लाइन यांची दुरुस्ती सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने करायची असते, फ्लॅटच्या आतलं सभासदाने. सेक्रेटरींना तोंडी सांगत बसू नका, फोटो लावून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. जमलं तर तुमच्या वरच्या-खालच्या घरात विचारा, त्यांच्याकडे गुडगुड आहे का, असणारच आहे, दोन-तीन सह्या असल्या की तुमच्या घरातला प्रॉब्लेम असं म्हणायला जागाच राहत नाही. सेक्रेटरींशी भांडून काही फायदा नाही, तेही शेजारीच आहेत, त्यांनाही हा आवाज येतच असेल.

एक्झॉस्टचं कोडं पण यातच सुटतं. एक्झॉस्ट बाहेर फेकतो तेवढी हवा घरात कुठून तरी यायला हवी. सकाळी एसीसाठी किंवा डासांसाठी खिडक्या बंद असल्या की तो हवा ओढतो ती बंद बाथरूमच्या दाराच्या फटीतून, म्हणजे कोरड्या ट्रॅपमधून, म्हणजे सरळ गटारातून. वास तुम्हाला येतो पॅसेजमध्ये आणि कॉमन बाथरूममध्ये, पण निघतो बेडरूममधून. म्हणून तर इतके दिवस मूळ जागा कोणाच्या लक्षात आली नाही. ट्रॅप नीट होईपर्यंत फॅन लावताना हॉलची एक खिडकी उघडी ठेवा, फरक लगेच जाणवेल.

आता कॉमन बाथरूम. तिथे टाइल्सचं काम झालंय आणि मशिन आलंय, म्हणून दोन गोष्टी स्वतः हाताने बघायच्या.

जाळी उचला. जुन्या नहाणी ट्रॅपमध्ये जाळीच्या खाली एक उलटी वाटी असते, प्लास्टिकची, बीडाची किंवा स्टीलची, तिच्या कडा पाण्यात बुडलेल्या राहतात आणि तेच सील असतं. या वाटीत केस अडकतात, साबणाचा चिकट थर बसतो, पाणी तुंबतं, मग कोणीतरी वैतागून वाटी काढून ठेवतं आणि पाणी झर्रकन जायला लागतं, सगळे खूश, आणि वास सुरू. टाइल्सवाले तर हमखास काढतात, ग्राउट आत जाऊ नये म्हणून बोळा कोंबतात आणि जाताना बोळा काढतात पण वाटी परत लावत नाहीत, ती डेब्रिजच्या गोणीत गेलेली असते. टॉर्च मारून बघा. खाली काळोखं उभं भोक दिसलं आणि पाण्याची चकाकी दिसली नाही तर वाटी गेली समजा. हार्डवेअरच्या दुकानात कॉक्रोच ट्रॅप म्हणून स्टीलची जाळी मिळते तिच्या आत वाटी असते, जुन्या जाळीचं माप घेऊन जा कारण इंचभर फरक पडला तरी बसत नाही. सिलिकॉनची जीभ असलेले पण मिळतात, पाणी पडलं की उघडते आणि मग मिटते, बंद बाथरूमला ते बरे पडतात, पण जिभेत केस अडकला की ती उघडीच राहते म्हणून मी तरी पाण्याच्या सीलवर जास्त भरवसा ठेवीन. नव्या पीव्हीसी ट्रॅपमध्ये वाटी नसते, खालीच वळण असतं, तिथे आत पाणी दिसलं की झालं.

दुसरं मशिनचा पाइप. मशिनचा राखाडी आउटलेट पाइप भिंतीतल्या किंवा जमिनीतल्या भोकात नुसता खुपसलेला असेल, आजूबाजूला बोटभर फट असेल, आणि त्या भोकाला खाली स्वतःचा ट्रॅप नसेल तर ती फट म्हणजे गटाराची उघडी खिडकी. बेसिनच्या खालीही तसंच बघा, बॉटल ट्रॅप, म्हणजे बाटलीच्या आकाराचा ट्रॅप, न लावता नुसता वळ्यावळ्यांचा लवचिक पाइप सरळ भिंतीत घातलेला असतो, तीनशे-चारशे रुपये वाचवायला. अशा ठिकाणी बॉटल ट्रॅप बसवून घ्या आणि भिंतीशी फट आहे तिथे रबरी वॉशर, चपटी पट्टी आणि सिलिकॉन. मशिनचं पाणी ट्रॅप असलेल्या जाळीवर सोडलं तरी चालतं.

हे सगळं करूनही थोडा वास राहिला तर मग कमोड. त्यावर बसून अंग थोडं डावीकडे उजवीकडे हलवून बघा, कमोड डुगडुगला तर मागचा किंवा खालचा जॉइंट सुटलाय. बुडाशी व्हाइट सिमेंटला केसासारखी चीर असते, तिथून फ्लशच्या वेळी वास येतो, कधीकधी ओल पण दिसते. कमोड काढून नवा रबरी कनेक्टर टाकून परत बसवावा लागतो, टाइल्स फोडाव्या लागत नाहीत, पण सिमेंट-सिलिकॉन वाळेपर्यंत एक दिवस तो वापरायचा नाही, दोन्ही कमोड एकाच दिवशी काढू नका.

नक्की कुठल्या जागेतून येतोय ते ठरत नसेल तर एक जुनी युक्ती आहे, जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून घट्ट गाठ मारा आणि ती पिशवी रात्री झोपताना जाळीवर ठेवा, पाण्याच्या वजनाने ती चपखल बसते. सगळ्या जाळ्यांवर अशा पिशव्या आणि बेसिनला बूच. सकाळी वास नसेल तर एकेक पिशवी काढत जा, मध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ दे. स्वयंपाकाच्या गॅसची शंका पूर्ण फिटलेली असेल तर एक्झॉस्ट चालू करून संशयित फटीजवळ उदबत्ती धरली तरी कळतं, धूर फटीतून बाहेर ढकलला जातो. अजून एक, वास फक्त गरम पाण्याच्या नळाला येत असेल तर तो गटाराचा नाहीच, गीझरच्या टाकीतल्या अ‍ॅनोड रॉडमुळे आणि बॅक्टेरियामुळे तसा वास येतो, त्याला सर्व्हिसिंगवाला बोलवा. आणि खिडकीतूनच येत असेल, तोही ओहोटीच्या वेळी, तर ती आपली खाडी आहे. चिखलात हवा नसते तिथेही गटाराला वास देणारा तोच हायड्रोजन सल्फाइड गॅस तयार होतो, ज्या चिखलावर हिवाळ्यापासून फ्लेमिंगो चरतात त्याचाच वास. त्याला प्लंबरकडे औषध नाही.

तळमजल्यावर राहणाऱ्या वाचकांची पत्रं पावसाळ्यात येतात म्हणून मध्येच दोन ओळी. तुमच्याकडे मोरीतून वास आणि पाणी दोन्ही उलटं येतं, ते ट्रॅपचं नाही, चेंबर भरल्याचं लक्षण आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, पावसाचं पाणी धारण तलावात अडवून ओहोटीला खाडीत सोडायची सोय आहे, पण ती पावसाच्या पाण्यासाठी. काही सोसायट्या गच्चीचे पावसाचे पाइप ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडतात, मग जोराच्या पावसात चेंबर उलटणारच. ते पाइप आधी वेगळे काढायला लावा.

आणि चेंबर साफ करायची वेळ आली तर, हे मी तुमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं जावं अशा इच्छेने लिहितोय, कुठल्याही माणसाला आत उतरवू नका. मशिनने जेटिंग आणि सक्शन, ते महापालिकेकडून करून घ्या किंवा खासगी गाडी बोलवा. पाच-सातशे रुपये देऊन नाक्यावरून माणूस आणायचा आणि झाकण उघडून खाली सोडायचा हे अजूनही चालतं. मे २०१९ मध्ये इथेच ठाण्यात, ढोकाळीला, एका हाउसिंग कॉम्प्लेक्सच्या सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले तीन कामगार गुदमरून मेले. तुमच्या बाथरूममध्ये जो वास येतोय तोच गॅस तिथे शेकडो पट असतो, आणि त्याची सगळ्यात भयंकर गोष्ट ही की घरात हवेच्या दहा कोटी भागांत एखादा भाग असला तरी नाकाला कळतो, पण दहा हजारांत एक भाग झाला की काही मिनिटांत नाकच बधिर होतं. आत उतरलेल्या माणसाला वाटतं वास गेला, आणि तो पुढे जातो. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय माणसाला असं गटारात, सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे, आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. पण भरपाईचं सोडा, आपल्या सोसायटीचं गटार साफ करताना कोणाच्या घरचा माणूस जाऊ नये, बस.

आता मुलीचं. घरात जो येतो तेवढ्या वासाने सहसा विषबाधा होत नाही, पण डोकं जड होणं, मळमळ, डोळे चुरचुरणं, झोप न लागणं हे होतं, आणि पोटुशी बाईला एरवीही वास सहन होत नाहीत. तान्ह्या बाळाला तर सांगताही येत नाही. त्यामुळे तिला येऊ देऊ नका असं मी म्हणणार नाही, पण ती यायच्या आधी हे आटपा. आज पाणी, उद्या गच्चीचा फोटो आणि अर्ज, या आठवड्यात वाटी आणि मशिनचा पाइप, कमोडचं लागलंच तर नंतर. सोसायटीने गच्चीचं काम लांबवलं तर तोपर्यंत बंद बाथरूममध्ये दर दोन दिवसांनी एक तांब्या पाणी प्रत्येक जागी, तिथे रोज वावर नसला तरी हे चुकवायचं नाही. पुढे कधी महिनाभर घर बंद ठेवणार असाल तर जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये दोन चमचे लिक्विड पॅराफिन टाका, मेडिकलमध्ये मिळतं, पाण्यावर तवंग धरतो आणि पाणी उडत नाही. खायचं तेलही चालतं पण ते खवट होतं. पण पाइप ओढून नेत असेल तर तेलाचा उपयोग नाही, ते पाण्याबरोबरच जाईल. डोकेदुखी किंवा मळमळ घराबाहेर गेल्यावरही राहिली तर तिच्या डॉक्टरांना वासाचं नक्की सांगा.

तिची खोली तीच बेडरूम असणार असं धरतोय, म्हणजे ते बाथरूम आता रोज वापरात येईल आणि ट्रॅप आपोआप भरलेला राहील, हे चांगलंच आहे. पण बाळंतिणीची मालिश, बाळाची आंघोळ, म्हणजे रोज तेल आणि डाळीचं पीठ त्या जाळीतून जाणार, आणि दोन्ही मिळून वाटीत असा लगदा बसतो की आठवड्याभरात पाणी तुंबायला लागतं. दर रविवारी वाटी काढून गरम पाण्याने आणि जुन्या ब्रशने घासून घ्या, आणि मालिशवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की पाणी तुंबलं तर मला हाक मार, वाटी काढून बाजूला ठेवू नकोस. शेक-शेगडी, धुरी करणार असाल तर खिडकी उघडी ठेवूनच, निखाऱ्याचा धूर बंद खोलीत आई आणि बाळ दोघांनाही घातक असतो.